गुरुवारच्या पेपरातलं नाव

डब्लिन (अमेरिका), गुरुवार, १८ ऑक्टोबर २००७

पद्मे,

आईचा आशीर्वाद घे. रागात असलीस तरी घे, आशीर्वादाला राग लागत नाही. विनयरावांना माझा नमस्कार सांगायचा की नाही ते तू ठरव. माझ्या नातीचा, नीलूचा मात्र माझ्या वतीनं एक पापा घे, कॉलेजात गेली असली तरी.

मागच्या सहा पत्रांना तुझं उत्तर नाही. आधी मी पोस्टमनला नावं ठेवली. मग म्हटलं, गडहिंग्लजचा पोस्टमन एवढा काही वाईट नाही, आपली लेकच तशी आहे. असू दे. तुला वाचायला तर लागतंच ना? का न वाचता चुलीत घालतेस? तुझ्याकडे गॅस आहे म्हणा.

देवूची इला शाळेला जायला लागली गं! पाच वर्षांची झाली. पिवळी बस येते, दारापासून चार घरं सोडून थांबते. मी सोडायला जाते. अंगावर नऊवारी, वर देवूचा जुना कोट, पायात बूट. बसमधली पोरं मला बघून हात हलवतात. इला म्हणते, "आजी, डोन्ट वेव्ह सो मच, प्लीज." मी आणखी जोरात हलवते. मग ती खिडकीत तोंड लपवते, पण बोटांच्या फटीतून बघत असते. हसत असते गं. तू अशीच होतीस. मी शाळेच्या फाटकाशी उभी राहिले की तू ओळख दाखवायची नाहीस.

देवू आता घरूनच काम करतो. किती चांगलं झालं! नाहीतर सकाळी अंधारात जायचा आणि अंधारात यायचा. आता दिवसभर वरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसलेला असतो, फोनवर बोलतो. दुपारी मी गरम भाकरी देते. जेवतो थोडा, पण समोर असतो. तुझी वहिनी हिमानी पण कपड्यांच्या दुकानात कामाला जायला लागली, हौस म्हणून. घरात बसून कंटाळा येतो म्हणाली.

घराचं तुला लिहीत नाही मी कधी. तुला राग येतो. पण काय करू, राहते तर त्यातच. खालची खोली माझी. देवू पाव्हण्यांना दाखवताना "ही आईची खोली" म्हणत नाही, "हे आईचं घर" म्हणतो. इचलकरंजीच्या घराचे पैसे त्यानं इथं घातले ते तो विसरलेला नाही. तेवढं तुला कळावं म्हणून लिहिलं. पुढचं लिहीत नाही.

हां, बेट्टीचं सांगायचं राहिलं. बेट्टी म्हणजे शेजारीण. सत्त्याहत्तर वर्षांची, एकटी राहते, तीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं. बाई माणूस, आणि एवढं बसचं धूड! दर गुरुवारी हिच्याकडे गावचा पेपर येतो. चार पानी, आपल्या तिकडच्या साप्ताहिकासारखा. मी चहा घेऊन जाते, ती काळी कॉफी पिते, आणि चष्मा लावून पेपराचं शेवटचं पान वाचते. ते पान बारीक अक्षरांचं, चित्र एक नाही. त्यात नावं असतात. आपल्या रस्त्यावरचं, ओळखीचं कुणाचं नाव निघालं की ती उठते आणि लिंबाचा केक करायला घेते. केक झाला की त्यांच्या दारात ठेवायचा, घंटी वाजवायची आणि परत यायचं. आत जायचं नाही, बसायचं नाही. मी इलाला विचारायला लावलं, हे काय म्हणून. इला म्हणाली, "त्यांचं नेम पेपरमध्ये आलं ना आजी, म्हणून केक."

बघ, म्हणजे इथं पण आपल्यासारखंच! तुझं नाव दहावीला पेपरात आलं होतं तेव्हा तुझ्या बाबांनी गल्लीभर पेढे वाटले होते. इथं उलटी रीत, ज्याचं नाव त्याला दुसऱ्यांनी गोड द्यायचं. मला आवडली.

कोपऱ्यावरच्या घरातल्यांचं नाव असंच आलं होतं उन्हाळ्यात. पुढं ते घर सोडून गेले. मोठ्या घरात गेले असतील.

तुझी,
आई


डब्लिन, २६ नोव्हेंबर २००७

पद्मे,

दिवाळीत तुझी फार आठवण आली. तुझ्याशिवाय चकली करायला बसले की सोऱ्या माझ्याच हातात गच्च बसतो. पण चिवडा झकास झाला. पोहे इथं मिळतात, पातळ मिळतात, सगळं मिळतं.

चिवड्यावरून आठवलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. देवू भाजी आणायला गेलेला, हिमानी दुकानात, मी एकटी. घंटी वाजली. दारात पोलिसासारखा माणूस, एवढा उंच, कमरेला सगळं काय काय लटकवलेलं. मी घाबरले नाही हं. सणाचा आलेला माणूस. मी त्याला वाटीभर चिवडा आणला. त्यानं घेतला नाही, पण "थँक्यू मॅम" म्हणाला, डोक्यावरची टोपी काढून. एक जाड पाकीट माझ्या हातात दिलं. त्यावर आपलं आडनाव होतं. आपलं आडनाव मला इंग्रजीतपण ओळखता येतं आता, पत्र्याच्या टपालपेटीवर रोज बघते ना. कबनूरकर. लांबलचक, आगगाडीसारखं.

देवू आल्यावर म्हटलं, "अरे, सरकारी माणूस येऊन गेला, तुझं काहीतरी आलंय."

त्यानं पाकीट उघडलं नाही. विचारलं, "तू सही केलीस?"

"सही कुठली? चिवडा देत होते, तो पण घेतला नाही त्यानं."

तर हसायला लागला. हसत हसत जिन्यावर बसला. 

आता खरी गंमत सांगते. बेट्टीच्या पेपरात दोन गुरुवारांमागं समोरच्या लाल दाराच्या घराचं नाव आलं. नवरा-बायको आणि दोन मुलगे. बेट्टीनं केक केला. मी म्हटलं, मी पण येणार. आपण रिकाम्या हातानं कसं जायचं? शिरा केला, केशर घालून. हळदीकुंकवाची कुयरी घेतली. बेट्टीनं घंटी वाजवली आणि ती परत फिरली, पण मी थांबले. दार उघडलं, बाई तरुण होती, केस विस्कटलेले. मी तिला कुंकू लावलं, शिऱ्याचा डबा दिला, आणि इलाच्या शाळेत शिकलेला शब्द म्हटला, "काँग्रॅच्युलेशन!" दोनदा म्हटला.

बाई ढसाढसा रडायला लागली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. मी पाठीवरून हात फिरवला. आनंदानं रडणारी माणसं मला आवडतात, तुझे बाबा तसेच होते. तेवढ्यात बेट्टी धावत आली आणि माझं कोपर धरून ओढत मला रस्त्यावर आणलं. काय काय बोलत होती! हातवारे करून, घराकडे बोट दाखवून. मी यस, यस म्हणत होते. बसायचं नसतं, हा नियम मी मोडला म्हणून रागावली असेल.

रात्री जेवताना मी हे सांगितलं. आणि गमतीनं म्हटलं, "देवू, सगळ्या रस्त्याची नावं यायला लागली, आपलं कधी येणार रे पेपरात?"

हिमानी ताट तसंच ठेवून उठली. देवू म्हणाला, "आई, तू बेट्टीबरोबर लोकांच्या दारात जाऊ नकोस." एवढंच म्हणाला. आवाज चढवून नाही. पण पोरगं माझ्याशी त्या आवाजात कधी बोललं नव्हतं.

लाल दाराची बाई परवा गेली. सामान ट्रकमध्ये घालताना पाहिलं मी. माझा डबा धुऊन आपल्या पायरीवर ठेवून गेली.

मी काय चुकले गं? तुला इंग्रजी येतं, तू सांग. एवढ्यासाठी तरी एक कार्ड टाक.

आई


डब्लिन, गुरुवार, १४ फेब्रुवारी २००८

पद्मे,

बर्फ पडलंय गुडघाभर. इलानं बर्फाची बाई केली आणि माझी जुनी शाल तिला गुंडाळली, म्हणाली, "आजी, धिस इज यू." नाक म्हणून गाजर. माझं नाक तसलं आहे का? विनयरावांना विचार. ते खरं सांगणार नाहीत.

आज बेट्टीकडे गेले तर ती पेपर उलटा-सुलटा करून बघत होती. शेवटचं पान नाही! नावांचं ते बारीक पान गायब. तिथं गाड्यांची जाहिरात. बेट्टी इतकी चिडली, तिनं पेपरवाल्यांना फोन लावला. मग आम्ही बसून राहिलो, इला शाळेतून आली तेव्हा तिला मध्ये घालून मी समजून घेतलं. आता ती नावं पेपरात यायची नाहीत, कॉम्प्युटरवर येणार. सरकारचे पैसे वाचतात म्हणे. बेट्टीकडे कॉम्प्युटर नाही. ती म्हणते, जिथं मी बघू शकत नाही तिथं नाव लावलं काय आणि विहिरीत टाकलं काय. म्हणजे ती हे असंच नाही म्हणाली, इलानं जेवढं सांगितलं त्यावरून मी लावलं.

मी इलाला म्हटलं, "मला दाखव की तुझ्या बाबाच्या कॉम्प्युटरवर."

"आजी, यू डोन्ट नो हाऊ."

"तुला येतं ना?"

"बाबा म्हणतो तिथं टच नाही करायचं."

संध्याकाळी देवूला सांगितलं, बेट्टीच्या पेपरातलं पान बंद झालं म्हणून. तर पद्मे, इतक्या महिन्यांनी पोरानं उठून स्वतः सगळ्यांसाठी चहा केला. आलं घालून. माझ्या शेजारी बसला आणि तुझ्याबद्दल विचारलं. पद्मीचं पत्र येतं का म्हणाला. मी म्हटलं, येतं. खोटं बोलले. त्याला ते कळलं, त्यानं माझ्या कपात आणखी चहा ओतला.

आता तुला एक सांगते, कुणाला सांगू नकोस. सांगशील कुणाला म्हणा, तू तर माझ्याशीच बोलत नाहीस. लाल दाराला कुलूप आहे आणि कडीला किल्ली ठेवायची एक लोखंडी डबी लावली आहे. कोपऱ्यावरच्या घराला पण तशीच डबी. मोठ्या घरात गेलेली माणसं मुलांच्या सायकली मागं टाकून जातात का? अंगणात दोन सायकली पडल्यात, बर्फाखाली.

मी विचारत नाही कुणाला. माझा देवू हुशार आहे, त्याचं तो बघतो. चहा फार छान झाला होता.

आई


डब्लिन, १३ एप्रिल २००८

पद्मे गं,

तुझा आवाज! तीन वर्षांनी! मी पोळ्या लाटत होते, फोन इलानं उचलला, म्हणाली, "आजी, समबडी इज क्राइंग." मी हात न पुसताच घेतला. रिसीव्हरला अजून कणीक आहे, मी पुसू देत नाही कुणाला.

तू "आई" म्हणालीस तेवढंच मी ऐकलं आधी. पुढचं ऐकायला मला वेळ लागला. म्हणून तुला वाटलं असेल म्हातारी बहिरी झाली.

नीलूला सांग, कॉम्प्युटरवर सगळंच खरं येतं असं नाही. कोल्हापुरात त्या सायबर कॅफेत बसून तिनं गंमत म्हणून आपलं आडनाव घातलं, जगात किती कबनूरकर आहेत बघायला, ठीक आहे. मामाचं नाव निघालं, ठीक आहे. घराचा नंबर पण तोच. पण लिलाव वगैरे म्हणजे इंग्रजीत दुसरं काही असू शकतं. सहा जून म्हणजे दुसऱ्या कशाची तारीख असेल.

मी तुला फोनवर म्हटलं तेच खरं. मला सगळं माहीत आहे, देवूनं मला सांगितलेलं आहे, कागदपत्रांचं थोडं आहे, तो बघतोय.

तू घाईत ठेवलास फोन. मी अजून बोलणार होते. गुढीला बत्तासे नव्हते, इलानं गुलाबी मार्शमॅलो ओवून माळ केली, ते सांगायचं होतं.

नीलूला म्हणावं, नाव नीट वाच. पुन्हा एकदा वाच.

आई


डब्लिन, १५ जून २००८

पद्मे,

मला माहीत नव्हतं.

ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं लिहायला हात चालेल. तू फोन केलास तेव्हा मला काही माहीत नव्हतं. मी खोटं बोलले. तुझा फोन ठेवला, पोळी तव्यावर जळून गेली होती, आणि मी तशीच वर गेले देवूच्या खोलीत. या घरात जिना चढून मी दोनदाच गेले असेन, गुडघ्यांमुळं.

म्हटलं, "तुझं नाव मला दाखव."

"कसलं नाव?"

"गडहिंग्लजला दिसतंय ते. कोल्हापुरात पोरीबाळी वाचताहेत. या घरात बसून मलाच तेवढं दिसत नाही. दाखव."

त्यानं खुर्ची माझ्याकडे सरकवली. कॉम्प्युटर फिरवला. लांबलचक यादी, पद्मे, संपतच नव्हती, तो बोटानं खाली खाली ढकलत होता. मग थांबला. कबनूरकर. मी ओळखलं. टपालपेटीवरचं तेच.

मग सगळं बोलला. नोकरी गेल्या जूनमध्येच गेली. घरून काम म्हणजे काम शोधणं. हप्ता दोन वर्षं कमी होता, मग एकदम वाढला, असंच कर्ज दिलं होतं म्हणे त्यांनी. हिमानीचं दुकान हौस नव्हती. तो उंच माणूस कोर्टाचं पाकीट घेऊन आलेला. आणि बेट्टीच्या पेपरातलं ते पान म्हणजे ज्यांची घरं लिलावात निघाली त्यांची यादी.

हे ऐकल्यावर मला पहिलं काय आठवलं सांगू? लाल दाराची बाई. तिला मी कुंकू लावलं. काँग्रॅच्युलेशन म्हटलं, दोनदा. आणि ती माझ्या खांद्यावर रडली, आणि जाताना डबा धुऊन ठेवला. शिव्या द्यायला पाहिजे होत्या तिनं. आता ती कुठं आहे ते पण मला माहीत नाही. तिचं नाव पण माहीत नाही, पेपरात आलेलं असून.

देवू म्हणाला, "आई, मी दर गुरुवारी घाबरायचो. आपलं नाव आलं असतं तर बेट्टी केक घेऊन आली असती आणि तुला कळलं असतं. कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, साऱ्या जगाला कळू दे, आईला कळणार नाही."

खूप बोलायला पाहिजे होतं मी.  हिमानी दारात येऊन उभी होती, ती म्हणाली, "आई, ओरडा आम्हाला. प्लीज, काहीतरी बोला." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली आले. का बोलले नाही ते मला आज लिहवत नाही.

सहा जूनला लिलाव झाला. आम्ही कुणी गेलो नाही. देवूनं त्या दिवशी अंगणातलं गवत कापलं. मी म्हटलं, "कुणासाठी कापतोस?" तो म्हणाला, "वाढलंय ना." नीट कडेकडेनं कापलं.

बेट्टीला इलाकडून कळलं. ती तशीच आली, चपला न घालता. देवूवर ओरडली, मग मला मिठी मारली. इलाला म्हणाली, "आजीला सांग, मला दिसलं असतं तर मी आले असते. चार महिने मी शेजारी बसून कॉफी पीत होते आणि मला माहीत नव्हतं." देवूनं मान खाली घातली होती.

विनयरावांना सांग, मी बरी आहे.

आई


डब्लिन, २८ जुलै २००८

पद्मे,

तू पुन्हा फोन केलास, आणि या खेपेला रडली नाहीस. सरळ म्हणालीस, "आई, इकडे ये. मागची खोली रिकामी आहे. यांनी पण सांगितलंय." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. इला हाक मारते म्हणून फोन ठेवला. इला शेजारी झोपली होती.

ऑगस्टअखेर घर रिकामं करून द्यायचं आहे. देवूला बेलव्ह्यूला काम मिळालं. इथून विमानानं पाच तास, तेही याच देशात. सहा महिन्यांचं काम आहे, पुढचं माहीत नाही. एका मित्राच्या तळघरात एक खोली, तिघांना. हिमानी म्हणाली, "आई, आपण चौघं पण राहू, जमवू." मनापासून म्हणाली. पण मी त्या खोलीचा फोटो बघितला. चौथी गादी घातली तर दार उघडणार नाही.

इलाला वाटतं मी पण बेलव्ह्यूला येणार. तिनं तिच्या खोक्यावर माझं नाव लिहिलं. ए, जे, आय. तिला अजून सांगितलेलं नाही कुणी. मी सांगणार आहे. या घरात आता न सांगण्याचं मी काही ठेवणार नाही.

म्हणून तुला पण सांगायचं आहे. ते सांगितल्याशिवाय तुझ्या मागच्या खोलीत मी पाय ठेवू शकत नाही.

इचलकरंजीचं घर विकायचं ठरलं तेव्हा वकील म्हणाले, जाहीर नोटीस द्यावी लागते पेपरात. कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा म्हणून. तुझ्या बाबांनी घर माझ्या नावावर केलेलं, विकायला मी मोकळी होते, पण नोटीस पाहिजेच म्हणाले, गिऱ्हाईकाला खात्री पाहिजे. तुला ती नोटीस कशी मिळाली ते मला माहीत आहे. विनयरावांच्या दुकानात रद्दी आली, तू गोळ्यांच्या पुड्या बांधायला कागद फाडत होतीस आणि त्यावर माझं नाव, श्रीमती सरला गजानन कबनूरकर. पंधरा दिवस कधीच संपून गेले होते. तू मला फोन करून म्हणालीस, "आईच्या घराचं मला रद्दीतून कळावं?" आणि मी म्हणाले, "पेपरात दिलं होतं गं, लपवून थोडंच विकलं? तू वाचलं नाहीस, त्याला मी काय करू?"

तीन वर्षं मी तेच म्हणत आले. सहा पत्रांत पण तेच लिहिलं, वेगवेगळ्या तऱ्हेनं.

वकिलांनी मला विचारलं होतं, "बाई, कुठल्या पेपरात देऊ? कोल्हापूरच्या मोठ्या पेपरात देऊ, की आपल्या गावातल्या साप्ताहिकात?" मी विचारलं, "मोठा पेपर गडहिंग्लजला जातो का?" ते म्हणाले, "जातो की, घरोघर." मी म्हटलं, "मग साप्ताहिकात द्या."

आता समजलं तुला? विसरून झालं नाही. मी पेपर निवडला. तुला दिसणार नाही असा निवडला, म्हणजे कायद्यानं सांगितल्यासारखं होईल आणि तुला कळणार नाही. तू हरकत घेतली असतीस म्हणून नाही. तू घेतली नसतीस, मला माहीत होतं. तू म्हणाली असतीस, "दे दादाला, मला काही नको, पण तू उद्या कुठं राहशील?"  तो प्रश्न ऐकायला लागू नये म्हणून केलं सगळं.

देवूनं मला सांगितलं, आईला कळणार नाही म्हणून मला सुटल्यासारखं झालं, तेव्हा मी त्याला काय बोलणार होते? माझाच पोरगा आहे. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि मला वकिलाच्या खोलीतला पंखा दिसत होता.

हिमानी म्हणते ओरडा. कुठल्या तोंडानं ओरडू?

तर पद्मे, तू "ये" म्हणालीस ते हे माहीत नसताना म्हणालीस. त्या "ये"वर मी येणार नाही. हे पत्र पोचायला बारा दिवस लागतील. वाच. विनयरावांना वाचून दाखव, नीलूला पण, लपवू नकोस. मग दोन दिवस घे, चार घे. नको वाटलं तर तसं सांग, मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण ते माझं मी बघेन. अंबाबाईच्या देवळाजवळ म्हाताऱ्यांसाठी एक आश्रम आहे असं मागे ऐकलं होतं, चौकशी करता येईल. तुला कमीपणा येईल असं मी कुठं काही सांगणार नाही.

देवूनं तिकीट काढलंय, वीस ऑगस्टचं. त्यानं विचारलं, "मुंबईच्या पुढं कोल्हापूरच्या बसचं पण आत्ताच बुक करू का?"

मी म्हटलं, थांब. मुंबईपर्यंतचं पुरे. पुढचं पद्मी सांगेल.

आई